ह्यांना की ह्यांनी

माझी बायको मेली. मी हे असंच सांगतो, आणि ऐकणाऱ्याचं तोंड कसनुसं होतं. भेटायला आलेल्यांपैकी एकानेही हा शब्द उच्चारला नाही. आमच्या गल्लीतले शिंपी म्हणाले, "वहिनी कमी झाल्या." देवळातले भजनवाले म्हणाले, "विठ्ठलाच्या पायी गेल्या." शेजारचे कन्नड मास्तर "होग्बिट्रु" म्हणाले, म्हणजे निघून गेल्या. एकाने तर "घर जरा मोकळं वाटत असेल" एवढ्यावरच भागवलं. मी म्हटलं, "मोकळं कसलं? मेली ती. गादी मोकळी आहे." त्याने कॉफी अर्धी ठेवली आणि उठला.

मुलाने नंतर मला बाजूला घेतलं. "अप्पा, असं तोंडावर बोलायचं नसतं."

"मग कुठं बोलायचं असतं?"

तो कपबशा उचलून आत गेला. त्याचं नेहमीचंच आहे.

माझा जन्म इथं म्हैसुरात शिवणकामात गेला. आमच्या धंद्यात माणूस सरळ बोलेना की समजावं, काहीतरी बिघडलंय. "होऊन जाईल" म्हणजे कापडाला अजून कात्री लागलेली नाही. "जरा अंगाबरोबर बसलंय" म्हणजे आवळ झालंय. गिऱ्हाईकही कमी नसतं. "जुनं माप असेल की तुमच्याकडं," असं म्हणाला की पोट सुटलंय आणि टेप लावून घ्यायची लाज वाटतेय. मी सरळ सांगायचो, "पोट वाढलंय, उभे राहा." काही गिऱ्हाइकं तुटली. जी राहिली ती मरेपर्यंत राहिली.

शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, ती पण कन्नड. मराठी घरची. अक्षरं बापाने भजनाच्या पुस्तकावर बोट ठेवून शिकवली. त्यामुळे व्याकरण मला येत नाही. पण कोण कशाच्या आडून बोलतोय ते कानाला कळतं, असा माझा समज होता.

आता हे लिहितोय ते एकाच गोष्टीसाठी. मरायच्या आधी माझी बायको माझ्याबद्दल एक वाक्य बोलली. ते मला सांगण्यात आलं नाही. बघा, मी पण तसंच लिहायला लागलो. माझ्या मुलाने आणि सुनेने ते मला सांगितलं नाही.

बायकोचं बोलणं कसं होतं ते आधी सांगायला पाहिजे. तिने माझं नाव कधी घेतलं नाही, हे तर आमच्या पिढीत सगळ्याच बायकांचं. पण ती मला "तुम्ही" पण म्हणायची नाही. "अहो" पण नाही. तिच्या वाक्यात मी नसायचो आणि ती पण नसायची. नुसतं काम असायचं. "उठायचं." "जेवायला बसायचं." "आज देवळात जायचं आहे." कोणी उठायचं, कोणी जायचं, ते आपण समजून घ्यायचं. लग्न नवीन होतं तेव्हा "बाजारातनं नारळ आणायचा आहे" असं ती म्हणाली. मला वाटलं, तिला जायचंय, म्हणून म्हटलं, "जा की." ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली, पण जाईना. शेवटी माझी आई आतून ओरडली, "अरे गाढवा, तुला सांगतेय ती!"

माझं नाव एका देवाचं आहे. त्यामुळे देवाचं नावही तिच्या तोंडून गेलं. देवाला पण "ते", मला पण "ते". "त्यांना काल हार नव्हता," म्हणाली की देव. "त्यांना काल खोकला होता," म्हणाली की मी. "त्यांचं काही खरं नाही," म्हणाली की मी विचारायचो, "आमच्यातला कुठला?" तेव्हा हसायची. पदर तोंडावर धरून हसायची, आवाज न करता.

तिच्या "मला" या शब्दाचं काय झालं होतं कोण जाणे. तिला कधी काही पाहिजे नसायचं. पातळ फाटलं तर "पातळ फाटलंय." भूक लागली तर "जेवायची वेळ झाली." एवढ्या वर्षांत मी तिच्यावर संशय घेतला नाही. सगळ्या जगात आडून बोललेलं मला चालायचं ते या एकाच बाईचं. तिच्या बोलण्याआड दुसरं काही नाही, पलीकडच्या बाजूला पण तीच बसलीय, असं मला वाटायचं.

मग ती आजारी पडली. पोटाचं होतं. डॉक्टरच्या तोंडी एकच शब्द. "नोडोण." म्हणजे बघू या. तपासणी झाली, नोडोण. सलाईन लावलं, नोडोण. मुलगा कडकोळच्या कारखान्यात ऑफिसात आहे. त्याला इंग्रजी येतं. तो डॉक्टरशी इंग्रजीत बोलायचा आणि मला येऊन सांगायचा, "ट्रीटमेंट चालू आहे अप्पा. बघितलं जाईल." कोण बघणार? डॉक्टर म्हणतो आपण बघू, मुलगा म्हणतो बघितलं जाईल, आणि ती तिथं वाळत चाललेली मला एकट्याला दिसत होती.

एका सकाळी डॉक्टर खाटेपाशी आला तेव्हा मी विचारलं. कन्नडमध्ये विचारलं, सगळ्यांना कळेल असं. "जगणार की मरणार, तेवढं सांगा."

"मावा!" सून म्हणाली; कन्नडमध्ये सासऱ्याला मावा म्हणतात. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मग खाटेवरच्या तिच्याकडे, आणि म्हणाला, "नोडोण." बायकोने तोंड भिंतीकडे केलं.

त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तिला कळायला पाहिजे होतं, मला पण कळायला पाहिजे होतं. पण तिने तोंड फिरवलं हे मी बघितलं आणि लक्षात ठेवलं. नंतरच्या सगळ्या संशयाचं मूळ तिथं आहे.

दुसऱ्या दिवशी तिला आतल्या खोलीत हलवलं. आत एकावेळी एकच माणूस. मुलगा जायचा नाहीतर सून जायची. मी बाहेरच्या बाकावर. मी उठलो की मुलगा म्हणायचा, "थोडं थांबा, आत्ता सोडत नाहीत." मग म्हणाला, "घरी जाऊन जरा पडा अप्पा, काही असलं तर कळवलं जाईल." मी घरी गेलो. दुपारी भात वाढून घेतला होता तेव्हा फोन आला. पोचलो तर तोंडापर्यंत चादर होती. सुनेने चादर काढली. बायकोचं तोंड मिटलेलं होतं. सगळं नीट केलेलं.

दिवस झाले, माणसं पांगली. त्यानंतर माझी धाकटी मेहुणी आली. ती बेळगोळच्या वाटेला राहते, बोलायला लागली की थांबत नाही. पोहे खाता खाता तिने बहिणीचं लहानपण काढलं, मग दवाखाना काढला, आणि म्हणाली, "आक्काचं मन फार हळवं हो दाजी. शेवटाला म्हणे तिला कुणाला बघायचं पण नव्हतं."

मी विचारलं, "म्हणे म्हणजे कोण म्हणे?"

"म्हणजे असंच. ऐकलं."

"आणि कुणाला म्हणजे कोणाला?"

तिने पोह्यातली मिरची शोधायला सुरुवात केली. "दाजी, तुमचं पण काय! वकिलासारखं धरता. असंच बोलले मी."

"तुला बघायचं नव्हतं का तिला?"

"मला कशाला? मी तर आदल्याच दिवशी भेटले. हात धरून बसली होती माझा." आणि एवढं बोलून तिच्या लक्षात आलं. पोहे तसेच ठेवून ती नळावर हात धुवायला गेली. पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

तर ते "कुणाला" म्हणजे मी. मेहुणी नाही, मुलगा नाही, सून नाही, ते सगळे आत जात होते. बाहेरच्या बाकावर एकटा कोण होता?

संध्याकाळी मुलाला धरलं. "आई माझ्याबद्दल काय बोलली?"

"कुठं काय?"

"मरताना. मावशीला कोणी सांगितलं?"

"अप्पा, त्या वेळेला पेशंटकडनं काही पण बोललं जातं. ते मनावर घ्यायचं नसतं."

"काय बोललं जातं?"

"ते आता राहू द्या."

"राहू द्यायला माझ्याजवळ आहे काय ते? तुझ्याजवळ आहे."

तो उठून गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली खिळ्यालाच होती. मला दिसत होती.

तिथून पुढं घरातलं एकेक वाक्य मी उलटून बघायला लागलो, कोट उसवताना अस्तर बघतात तसं. मी आलो की आतलं बोलणं थांबायचं. "मावा आले," असं सून हळू म्हणायची. का म्हणायची? "तुमच्या खोलीतलं कपाट आवरून ठेवलंय." कोणी ठेवलं, काय काढलं? "अत्तेंचे दात कुठंतरी ठेवले गेलेत." अत्ते म्हणजे सासू, आणि दात म्हणजे तिची कवळी. कुठंतरी म्हणजे कुठं, आणि ठेवले गेले म्हणजे आपणहून चालत गेले? मी प्रत्येक वाक्यात विचारायचो, कोणी? मुलगा म्हणाला, "अप्पा, घरात पोलीस स्टेशन झालंय." मी म्हटलं, "झालंय नाही. तुम्ही केलंय."

कानात एकच वाक्य. तिला बघायचं नव्हतं. डॉक्टरला मी विचारलं, तिने तोंड फिरवलं, आणि नंतर मला बघायला नको म्हणाली. दोन्ही जोडून बघितलं की शिवण बरोबर बसत होती. हेच मला सहन होईना. शिवण वाकडी असती तर बरं झालं असतं.

सुनेबद्दल सांगतो. ती बेट्टदपुरच्या बाजूची, कन्नड घरातली. मराठी ती आमच्या स्वयंपाकघरात शिकली, माझ्या बायकोकडून. म्हणजे जे शिकली ते पण आडून बोलायचंच मराठी. त्यात वर तिच्या कन्नड वळणाच्या चुका. ती माझ्यापुढे जास्त बोलत नाही. म्हणून माझा तिच्यावर संशय जास्त होता.

अवरेचे, म्हणजे पावट्याचे, दिवस होते. सगळ्या म्हैसुरात त्या शेंगांचा वास असतो तेव्हा. दाणे भिजवायचे आणि एकेक चिमटीत दाबून सालीतून काढायचे, वेळ खाणारं काम. बायको असताना दोघी मिळून करायच्या. त्या सकाळी मुलगा कामावर गेला होता आणि सून एकटीच परातीपुढं बसली होती. मी जाऊन समोर बसलो आणि दाणे दाबायला घेतले.

ती घाबरली. "मावा, कशाला, मी करते."

"कर की. मी पण करतो."

थोडा वेळ टपटप दाणे पडत राहिले. मग काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "मावांना गोळी घेतली का?"

मी सवयीने म्हटलं, "मावांना नाही. मावांनी. मावांना गोळी दिली, मावांनी गोळी घेतली."

"हां, मावांनी," ती म्हणाली. "अत्ते पण सांगायच्या. येतच नाही मला. ना आणि नी."

माझ्या चिमटीतला दाणा उडून तिच्या मांडीवर पडला.

मी म्हटलं, "आत्ता मला सांग. शेवटी अत्ते काय म्हणाली? तिचे शब्द सांग. तुझे नको."

तिने परातीत बघितलं. मला वाटलं, ही पण किल्ली शोधायला उठणार. पण हात ओले होते, मांडीवर साल होती, ती बसून राहिली. म्हणाली, "नर्सबाईने विचारलं, यजमानांना बोलवू का? अत्ते म्हणाल्या, ह्यांना बघायचं नाही."

"ह्यांना?"

"हां."

"की ह्यांनी?"

 तिला प्रश्नच कळला नाही. मी समजावून सांगितलं. "ह्यांना बघायचं नाही" म्हणजे मला ह्यांचं तोंड बघायचं नाही. "ह्यांनी बघायचं नाही" म्हणजे ह्यांनी मला असं बघू नये. बायकोचं बोलणं तसलंच होतं. ताप असला की म्हणायची, "ह्यांनी आज मशीनवर बसायचं नाही." "ह्यांनी गार पाणी प्यायचं नाही." त्या "ह्यांनी"त माझी काळजी असायची. आणि दुसऱ्या शब्दात, "ह्यांना"त, फक्त मी नको आहे. मध्ये एक वेलांटी.

सुनेने ओठ हलवून बघितलं. ह्यांना. ह्यांनी. तिच्या तोंडात दोन्ही सारखेच निघत होते.

"नर्सला काय सांगितलंस? कन्नडमध्ये सांगितलं असशील. शब्द सांग."

मला वाटत होतं, आता सापडणार. कन्नडमध्ये तिचं चुकत नाही. तिथं ना आणि नी अशी गोची नाही, तिथं तिला काय कळलं होतं ते बरोबर बाहेर येणार.

ती म्हणाली, "बेडवंते. एवढंच म्हटलं."

बेडवंते. नको म्हणे. कोणाला नको, काय नको, का नको, काही नाही. म्हणजे कन्नडमध्ये पण माझ्या बायकोची आडून बोलायची रीतच उचलली तिने.

मी चिडलो. "नको म्हणे! आणि मावशीला काय सांगितलंस?"

"मावशींनी फोनवर विचारलं, आक्का काय बोलल्या. मी सांगितलं जसं आठवलं तसं. त्या रडायला लागल्या. हे म्हणाले, अप्पांना सांगू नको. म्हणून नाही सांगितलं." एवढं सगळं तिने कोणी, कोणाला, असं लावून सांगितलं. माझ्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी कर्त्यासकट बोललं होतं.

मग विचारल्याशिवाय तिने आणखी सांगितलं. नाकात नळी होती. दात काढून ठेवायला लावले होते, आत नेतानाच. नर्सबाईने माझं नाव काढल्यावर अत्तेंनी हात वर घेतला आणि तोंडावर धरला. सलाईनचा हात, म्हणून नर्सबाई ओरडली पण.

माझ्या बायकोला मी दातांशिवाय कधी बघितलं नव्हतं. दात काढून ती परसात धुवायची, पाठ करून, पदर घेऊन. मी तिकडे आलो की खाकरायचो, ती तशीच उभी राहायची, मी आत जाईपर्यंत.

मी दाणे दाबायचे थांबलो. मला एकदम बरं वाटलं, आणि बरं वाटलं तसा मला संशय आला. सून चांगली आहे. सासरा वाळत चाललाय, रोज कोणी कोणी म्हणून विचारतोय. त्याला बरं वाटावं म्हणून दात आणि हात घालायला कितीसा वेळ लागतो? आणि हात तोंडावर धरला तो कशासाठी? उलटी येत असेल. रडू असेल. माझं नाव ऐकून तोंड झाकलं म्हणजे नुसते दातच कशाला, राग पण असेल. भिंतीकडे फिरवलं होतं तेच तोंड ते.

मी विचारलं, "तू हे मला बरं वाटावं म्हणून सांगतेस का?"

"नाही मावा."

"मग तुला काय वाटतं? तू तिथं होतीस. तिला मी नको होतो, की मी तिला तसं बघायला नको होतं?"

 मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. माप घेताना बघतो तसं, कुठं श्वास धरून पोट आत घेतेय का ते. तिने हाताची सालं झटकली आणि म्हणाली, "गोत्तिल्ल मावा."

माहीत नाही. तिला "ह्यांनी" म्हणता आलं असतं. मी सगळं बेतून पुढं ठेवलं होतं, तिने नुसतं हो म्हणायची खोटी होती. म्हणून मी तिचं ऐकलं. दात खरे आणि हात खरा, असं धरून चाललो. पुढचं तिला माहीत नाही, हे पण खरं.

संध्याकाळी मुलगा आल्यावर मी त्याला सांगितलं की आईचं वाक्य मला कळलंय. तो चपला काढता काढता थांबला आणि बायकोकडे बघायला लागला. मी म्हटलं, "तिच्याकडे काय बघतोस? तिने सांगितलं, मी विचारलं म्हणून. तू लपवलंस. तू लपवलंस असं म्हण एकदा."

"अप्पा, लपवलं गेलं म्हणजे..."

"कोणी?"

तो दारातच खाली बसला. चाळिशी उलटलेला माणूस, एका पायात चप्पल. "मी," तो म्हणाला. "मी लपवलं. तुम्ही मरून जाल असं वाटलं मला."

मेलो नाही. अवरेचं सारू झालं होतं, तिघांनी जेवून घेतलं.

वाक्य अजून माझ्याजवळच आहे. मी "ह्यांनी" असंच धरतो. पण झोपेतून उठल्यावर कधी कधी ते "ह्यांना" होऊन बसलेलं असतं, मग दिवसभर त्याच्याशी भांडायचं. सरळ विचारायचं म्हटलं तर जिला विचारायचं ती बाई मेली. ती असती तर तिने सांगितलं असतं का? नसतंच. म्हणाली असती, "चहा घ्यायचा." आणि मी समजून घ्यायचं.